डावीकडून चौथी रेघ

शेवटून दुसरी ओळ मी वाचून संपवली आणि मग तिच्यामागचा दिवा लागला. प, ग, र, ल, न, म. एका दमात, कुठेही न अडखळता. शेवटचा म म्हणून तोंड मिटतेय तोवर भिंतीवरच्या तक्त्याच्या पेटीतली खालची नळी दोनदा लुकलुकली आणि नीट पेटली. म्हणजे मी वाचत होते तेव्हा तिथे अंधार होता. चष्म्याच्या मुलीचं तिकडे लक्षच नव्हतं. आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर काढायला बसते ती. नाव कुणी घेत नाही, चष्म्याची मुलगीच म्हणतात. ती मान खाली घालून माझ्या कागदावर लिहीत होती. "वा काकू, सहा-नऊ! मागच्या महिन्यात सहा-बारा होतं. सहा-सहा झालं की संपलं, आता एकच पायरी राहिली. पार्टी पाहिजे हं आम्हाला." मी हसले, हो म्हटलं, उजव्या डोळ्यावरची झापड काढून तिच्या हातात दिली. 

मी या दवाखान्यात एकोणीस वर्षं काम करते. पहिली नऊ वर्षं याच खोलीत, हातात छडी घेऊन, याच तक्त्यापाशी उभी. ही ओळ दिसते? आणि ही? नंतरची दहा वर्षं शेजारच्या अंधाऱ्या खोलीत, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढायच्या मशीनवर. पेशंट मला फोटोवाल्या बाई म्हणतात आणि मला ते आवडतं. एवढ्या काळात इथल्या फरश्या बदलल्या, खुर्च्या बदलल्या, रिसेप्शनवरच्या तिघीजणी लग्न करून गेल्या, पण ती पेटी जिथल्या तिथे आहे आणि तिच्यावरची अक्षरंही तीच. वरून खाली विचारा, खालून वर विचारा, मधूनच कुठूनही विचारा, मी सांगेन. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण पाठ असणं वेगळं आणि आपण ते वापरणं वेगळं, असं मी धरून चालले होते. मी काही लबाडी केली नव्हती. ती अक्षरं मला दिसली होती. काळीभोर, ठसठशीत, ग ची काठी सुटी, न चं नाक पुढे आलेलं. नसलेल्या उजेडात दिसली होती. म्हणजे आठवण्यात आणि दिसण्यात आतून काहीच फरक कळत नाही की काय? मग मागच्या महिन्यातल्या सहा-बाराचं काय? त्याआधीच्या सहा-अठराचं? डाव्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने मी पायरी पायरी वर चढत होते आणि सगळे माझी पाठ थोपटत होते. जिना डोळ्यात होता की डोक्यात, हे आता कुणाला विचारायचं?

बाहेरच्या बाकावर येऊन बसले. एरवी मी या बाकावर कधी बसत नाही, या बाकावरच्या माणसांना आत बोलावते. डॉक्टर बारानंतर बघणार होते, त्याआधी माझ्याच खोलीत, माझ्याच मशीनवर माझा फोटो व्हायचा होता. डॉक्टरांनी मागेच सांगून ठेवलं होतं, या वेळी चांगलं वाचलंत की सोमवारपासून कामावर या, तसा कागद देतो. सोमवारसाठी मी कालच दोन साड्यांना इस्त्री करून ठेवली होती. घरी बसून माणूस किती भिंती बघेल? आणि हे काम म्हणजे काही कुणालाही जमणारं नाही. मशीन फोटो काढतं हे खरं, पण त्या करड्या थरांमध्ये केसाएवढी एक रेघ तुटली आहे की पापणी हलल्यामुळे तसं वाटतंय, हे बघायला माणूस लागतो. मी चुकले तर डॉक्टर चुकतात. मला नीट दिसत नसताना मी तिथे बसले, आणि कुणाच्या पडद्यावरची ती रेघ मला माझ्या आठवणीतून धडधाकट दिसली तर? दहा वर्षांत मी हजारो चांगले पडदे बघितलेत. चांगला पडदाही मला पाठच आहे.

माझा उजवा डोळा लहानपणापासून आळशी. हा डॉक्टरांचाच शब्द आहे, मी त्याला शिव्या देत नाही. डोळा तसा धड आहे, पण मेंदूनं त्याच्याकडून कधी काम करून घेतलं नाही, म्हणून त्याला तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर तेवढं दिसतं, तेही मनात असेल तर. सगळा कारभार डाव्यावर. आणि भोक पडलं ते डाव्याला. पडद्याच्या बरोब्बर मध्यावर, जिथून आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, माणसाचा चेहरा ओळखतो, त्या जागी. वय झालं की डोळ्यातला गर आक्रसतो आणि कुणाकुणाच्या पडद्याला ओढ बसून मधोमध छिद्र पडतं, हे मी लोकांना समजावून सांगत आले. माझ्या बाबतीत ते एका सकाळी यांच्या चेहऱ्यावर कळलं. हे समोर बसून चहा पीत होते आणि यांना नाक नव्हतं. कपाळ होतं, कान होते, कानामागची पेन्सिल होती, पण मध्ये कुणीतरी कापड चिमटीत धरून ओढावं तसं सगळं एका ठिपक्यात गोळा झालं होतं.  डबा भरला, दवाखान्यात आले आणि जेवणाच्या सुट्टीत नवीला म्हटलं, माझा डावा डोळा घे. नवी म्हणजे माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी. सहा वर्षं झाली, स्वतःची मुलगी शाळेत जायला लागली तिची, तरी ती नवीच. हनुवटी टेकली, कपाळ पट्टीला लावलं. ती म्हणाली, "हिरव्या चांदणीकडे बघा ताई." आणि मला मशीनच्या आतली ती चांदणी सापडेना. तेव्हा माझ्या काळजात धस्स झालं ते भोकामुळे नाही. मला एक म्हातारे गृहस्थ आठवले, निवृत्त शिक्षक असावेत, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. ते सारखे म्हणत होते, बाई, चांदणी आहे कुठे? आणि मी त्यांच्यावर खेकसले होते, अहो समोर तर आहे, इकडेतिकडे काय बघताय? त्यांना मध्यभागी काहीच दिसत नव्हतं, आणि फोटोत ते भोक बघूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. आता नवी गप्प झाली होती. मशीनमागे कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटलं असणार. मी विचारलं, "काय आहे?" आणि ती सवयीनं बोलून गेली, "डॉक्टर सांगतील." हे मीच तिला शिकवलेलं. फोटो काढणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, चेहराही पाडायचा नाही. मग आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो आणि हसता हसता ती रडायला लागली, तेव्हा मला कळलं की भोक चांगलंच मोठं असणार.

ऑपरेशनचं मला फारसं आठवत नाही. त्यानंतरचे दहा दिवस मात्र तासातासानं आठवतात. डोळ्यात वायूचा फुगा भरतात, तो फुगा वर तरंगतो आणि पडद्याला आतून दाबून धरतो, म्हणून तोंड जमिनीकडे ठेवायचं. बसताना, जेवताना, झोपताना जमीन. हे सुतार आहेत. यांनी जुन्या आरामखुर्चीचे हात कापून, त्यावर गादी ठोकून, मधे चेहऱ्याएवढी खाच ठेवून मला एक घोडाच करून दिला. त्याच्यावर पालथी पडून मी फरशी बघायची. फरशी म्हणजे उजव्या डोळ्याला दिसेल तेवढी, धुरकट. माणसं घोट्यापर्यंतच येत. यांचे पाय मी लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी असे बघितले नव्हते. अंगठ्याचं नख कधीतरी हातोडीखाली आलेलं, टाचेच्या भेगांमध्ये लाकडाचा भुसा, आणि माझ्याजवळ आले की ते पाय आधी थांबत, जरा वेळ तसेच उभे राहत आणि मग बोलत. "काही हवंय?" हे विचारायला या माणसाला एवढा वेळ लागतो हे मला कधी कळलं नव्हतं, कारण वर बघत असताना मी त्याच्या आधीच बोलून मोकळी होत असे. पाचव्या दिवशी मी रडले. का ते सांगता आलं नाही. पाय तिथेच उभे राहिले आणि मग हे चक्क जमिनीवर आडवे झाले, घोड्याच्या खाली डोकं घालून, उताणे, आणि म्हणाले, "आता बोल. वरचं छत काही तुला दिसणार नाही, पण मी तरी दिसेन." दिसत नव्हतेच. तरी मी अर्धा तास बोलले.

मग फुगा हळूहळू लहान होत गेला. डोळ्यात एक काळी रेघ आडवी हलायची, यांच्या सपाटी बघायच्या पाणसळीतल्या बुडबुड्यासारखी, आणि रोज थोडी खाली सरकायची. तिच्या वरच्या पट्टीत जग परत यायला लागलं. एके दिवशी रेघेचा गोळा झाला, गोळ्याचा मणी झाला आणि एका दुपारी भाजी चिरताना मणी नाहीसा झाला. त्याच आठवड्यात यांनी तो प्लायवूडचा तुकडा आणला. दवाखान्यात आम्ही पेशंटना चौकटींची जाळी छापलेला कागद देतो, मधे एक ठिपका. ठिपक्याकडे बघायचं आणि रेघा सरळ दिसतात का ते सांगायचं. तो कागद यांना पटला नाही. असल्या बारीक रेघा कुणाला सरळ दिसणार, म्हणाले. यांनी हातभर प्लाय घासून गुळगुळीत केला, काटकोनाचा गुण्या लावून पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेघा ओढल्या, मधे ठिपका दिला आणि खिडकीजवळ टांगला. या माणसाचं सगळं आयुष्य एक डोळा मिटून फळी सरळ आहे का ते बघण्यात गेलं. रोज सकाळी चहा हातात द्यायचे आणि विचारायचे, "काय गं, सरळ?" सुरुवातीला मी खरं सांगायची. मधे गोळा होतंय. आज कमी आहे. आज जरासंच. प्रत्येक वेळी यांचा चेहरा उतरायचा, मग मी आधीच म्हणायला लागले, सरळ. दोन महिन्यांनी ते खरंही झालं. सगळ्या रेघा सरळ झाल्या आणि आमच्या घरात पुन्हा गप्पा सुरू झाल्या.

आणि पंधरा दिवसांपूर्वी डावीकडून चौथी रेघ मधे वाकलेली दिसली. फार नाही, नखाएवढी, ठिपक्याच्या अलीकडे बाहेर फुगून परत आत आलेली.  हे म्हणाले, "सरळ?" मी म्हटलं, "सरळ." भोक पुन्हा उघडू शकतं. शंभरात मोजक्या लोकांचं उघडतं, आणि त्या मोजक्यांचे फोटोही मीच काढलेत. दुसऱ्या दिवशीही ती वाकडीच होती, तिसऱ्या दिवशीही. उजव्या डोळ्यानं ताडून बघावं तर त्याला अख्खी जाळीच दिसत नाही. चौथ्या दिवसापासून मी नीट बघणंच सोडून दिलं. कप उचलायचा, प्लायकडे तोंड करायचं, सरळ म्हणायचं. इतरांना मी ओरडून सांगते, रेघ वाकली की त्याच दिवशी या, एक दिवस घालवू नका. स्वतः पंधरा दिवस घालवले. साड्यांना इस्त्री करत बसले. आज फोटोत जे काय असेल ते कळणारच होतं, म्हणून सकाळपासून माझी भीती त्या फोटोत अडकून पडली होती. तक्त्याची भीती मला कधी वाटलीच नव्हती.

"ताई, या," नवीनं दार उघडलं. माझी खोली. माझी खुर्ची, तिच्या हाताची फाटलेली शिवण मीच चिकटपट्टीनं बांधलेली. आज मी पलीकडच्या बाजूला बसले. हनुवटी, कपाळ, आणि हिरवी चांदणी दिसली. जरा धुरकट, पण जागेवर. दिवा डोळ्यावरून फिरला. मशीनमागे नवीचा श्वास ऐकू आला, आणि मग ती नियम मोडून म्हणाली, "ताई, इकडे या, बघा." मी उठून तिच्या खांद्यावरून वाकले, कॉम्प्युटरच्या पडद्याला नाक लागेल इतकी. मधला खळगा जसा हवा तसा, उथळ, दोन्ही काठ एकमेकांना मिळालेले. तळाची उजळ रेघ मागच्या महिन्यात मधे तुटक होती, ती आता जवळजवळ जुळली होती. भोक बंद. पूर्ण बंद. माझ्या जिवात जीव आला, आणि त्याच क्षणी डोकं चक्रावलं. मग चौथी रेघ वाकडी कशी? नवी म्हणाली, "चित्र जरा फिकं आलंय फक्त. थेंब टाकून परत घेऊ?" थेंब टाकून परत घेतलं, तरी फिकंच. चित्र किती स्वच्छ आलं ते सांगणारा कोपऱ्यातला आकडा मागच्या महिन्यापेक्षा दोननं कमी होता. दुसऱ्या कुणाचा फोटो असता तर मी लगेच कागदावर शेरा मारला असता, की उजेडाच्या वाटेत काहीतरी आडवं येतंय, डॉक्टरांनी बघावं. नवीनंही पेन उचललं होतं. मग तिनं माझा कागद बघितला आणि पेन ठेवून दिलं. "सहा-नऊ वाचलंत की! मग काय. मशीनचंच काहीतरी असेल."

मशीनचं काहीतरी. एवढं बोलून तिनं पुढच्या पेशंटचा कागद घेतला, आणि मी तिथेच, माझ्याच खोलीत, सात वर्षांची झाले. शाळेत डोळे तपासायला कुणी डॉक्टर आले होते. व्हरांड्यात पुठ्ठ्याचा तक्ता टांगला होता आणि वर्गातली सगळ्यात उंच म्हणून मी रांगेत शेवटी. पुढच्या चाळीस मुलींनी तीच अक्षरं चाळीस वेळा म्हटली. मला पाढे, कविता, आईचे सगळे निरोप एकदा ऐकून यायचे. आई शेजारणींना सांगायची, आमची एकपाठी आहे. माझी पाळी आली तेव्हा डाव्या डोळ्यानं मी खडाखडा वाचलं. मग डावा झाकला आणि समोर तक्ता नव्हता. पुठ्ठा होता, त्याच्यावर काळ्या मुंग्यांचा ढीग होता.  डॉक्टर पेन्सिल हातात धरून थांबले होते, बाई बघत होत्या, मागे कुणीच नव्हतं. दिसत नाही, एवढंच म्हणायचं होतं. पण दिसत नाही म्हणणं म्हणजे येत नाही म्हणणं, असं मला वाटलं, आणि येत नाही हे मी कधी म्हटलेलं नव्हतं. मी तक्ता म्हणून दाखवला. शेवटच्या ओळीसकट. बाई म्हणाल्या शाब्बास, आणि घरी आईनं ते सगळ्यांना सांगितलं. पुढे नंबर काढायचं काम शिकायला गेले तेव्हा आम्ही शिकाऊ मुलींनी एकमेकींचे डोळे तपासले आणि शिकवणारे सर म्हणाले, अरेरे, हा डोळा सातव्या वर्षी पकडला असता आणि चांगल्याला पट्टी बांधून याला कामाला लावलं असतं, तर वाचला असता. मी कुणालाच काही बोलले नाही. यांनाही नाही. यांना वाटतं, जन्मतःच तसा आहे. एक डोळा मी शाब्बासकीसाठी घालवला, हे नवऱ्याला कसं सांगायचं? आणि आता चौपन्नाव्या वर्षी दुसराही त्याच वाटेनं निघाला होता, आणि पुन्हा सगळे शाब्बास म्हणत होते.

डॉक्टर थकून आले होते, कपाळावर ऑपरेशनच्या टोपीचा वळ. त्यांनी फोटो बघितला आणि खुर्चीत मागे रेलले. "सुंदर. बाई, हा फोटो फ्रेम करून लावा. कागद कुठाय? सहा-नऊ. बास झालं की." त्यांनी दिव्यानं डोळा तपासला, जरा रेंगाळले. "भिंग थोडं धुरकटतंय. ऑपरेशननंतर मोतीबिंदू लवकर येतो, तुम्हाला मी काय सांगायचं. पण सहा-नऊ दिसत असताना त्याला हात लावायचं कारण नाही. वर्षभर बघू. सोमवारी या कामावर." त्यांनी पेनचं टोपण काढलं. मी त्या टोपणाकडे बघत होते. दोन साड्या, माझी खुर्ची, चिकटपट्टी. एक शब्द न बोलता सगळं परत मिळत होतं.

"ते सहा-नऊ खरं नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"मला तक्ता पाठ आहे. आज खालचा दिवा गेला होता, तरी मी वाचलं."

 डॉक्टर रागावतील असं वाटलं. मग ते हसायलाच लागले, अगदी डोळे पुसेपर्यंत. "आणि आम्ही शहाणे! चार महिने तुमचा डोळा तुमच्याच तक्त्यावर तपासतोय. चुकलं कुणाचं?" ते उठले. "चला."

"मला अक्षरं येत नाहीत असं समजा," मी म्हटलं. "ते तीन पायांचं चित्र दाखवा."

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा आहे. प्रत्येकावर एकच आकृती, आधीच्या पुठ्ठ्यापेक्षा लहान, एक काठी आणि तिला तीन पाय. पुठ्ठा हातात फिरवायचा, आणि पाय कुठल्या दिशेला आहेत ते समोरच्यानं बोटांनी दाखवायचं. ते पाठ करता येत नाही, कारण दाखवणाऱ्यालाच आधी माहीत नसतं तो पुठ्ठा कसा फिरवणार. एके काळी मी म्हाताऱ्या बायकांना ते दाखवत असे आणि त्या लाजून पदर तोंडाला लावत असत. चष्म्याच्या मुलीनं पहिला पुठ्ठा धरला. मी तीन बोटं वर केली. दुसरा, खाली. तिसरा, डावीकडे, पुन्हा डावीकडे. चौथ्याला मी डोळा ताणला. काळं काहीतरी होतं, पांढऱ्या धुक्यात. पाय होते, असणारच. कुठे होते? तोंडाशी आलं होतं, उजवीकडे म्हणून टाकावं, चारातून एक तर बरोबर येईल. डॉक्टर दाराशी उभे होते, त्यांच्यामागे नवी येऊन थांबली होती. मुलगी म्हणाली, "काकू?"

"दिसत नाही," मी म्हटलं.

 मुलीनं फक्त मान हलवली आणि लिहिलं, सहा-चोवीस. तिच्या पेनचा आवाज आला, बाहेर कुणीतरी खोकलं, मशीनच्या खोलीत फोन वाजला. एवढंच झालं. सत्तेचाळीस वर्षं मी या एका वाक्याला घाबरत होते आणि ते म्हणायला एक श्वाससुद्धा पुरा लागला नाही.  डॉक्टर म्हणाले, "आता जुळलं. फोटो फिका का, तेही कळलं. पडदा छान आहे, काच धुरकट आहे. भिंग बदलू, मग बघा. पण सोमवार विसरा." नवीनं माझी पिशवी उचलून हातात दिली आणि कानात पुटपुटली, "मी शेरा मारायला हवा होता ताई." मी म्हटलं, "हो, हवा होता. पुढच्या वेळी माझं तोंड बघू नकोस." ती हसली. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, आणि मी घेतलं.

घरी पोचले तेव्हा हे खिडकीपाशी स्टुलावर बसून कुणाच्या तरी कपाटाच्या फळीवर रंधा मारत होते. चार वाजले असतील. उन्हात भुसा तरंगत होता. "काय म्हणाले?" यांनी न बघता विचारलं. मी सगळं सांगितलं. भोक बंद आहे, भिंग धुरकटलंय, ते बदलायचं, सोमवारी जायचं नाही. आणि तक्ता. मग एकदा सुरुवात झालीच होती म्हणून शाळेतला व्हरांडाही सांगितला. हे रंधा थांबवून ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "सात वर्षांच्या पोरीला कोण बोल लावणार?" आणि मला वाटलं, हे मी तीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तरी हे एवढंच म्हणाले असते. मी चष्मा लावला, उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि प्लायसमोर उभी राहिले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. मान इकडे केली, तिकडे केली. डोळ्यातला वाक नजरेबरोबर हलतो. हा हलत नव्हता. तरी म्हटलं, आज जे दिसतं ते सांगायचं.

"अहो, अजून एक आहे. ही चौथी रेघ, डावीकडून. मला वाकडी दिसते. पंधरा दिवस झाले. मी तुम्हाला खोटंच सरळ म्हणत होते."

 मी वळून बघितलं तर यांच्या हातातला रंधा खाली ठेवायला यांना जागा सापडत नव्हती.

"दिसते तुला ती?"

"हो."

"नक्की?"

"हो म्हटलं ना. इथे फुगलीय, आणि इथे परत आत आलीय."

"वाकडीच आहे ती," हे म्हणाले. "मी ओढली तशी. तू बघायच्या आधीच सरळ म्हणतेस असं वाटायला लागलं होतं, म्हणून ती एक पुसून वाकडी काढली. म्हटलं, उद्या शिव्या घालील मला. तू म्हणालीस, सरळ. दुसऱ्या दिवशीही सरळ. मला वाटलं, तुला दिसतच नाही. भोक परत पडलं." यांनी शेवटी रंधा फळीवर टेकवला. "विचारायचा धीर होईना."

माझं डोकंच फिरलं. पंधरा दिवस मी इथे मरत होते, असं काहीतरी मी ओरडले, आणि हे म्हणाले, मी काय वेगळं करत होतो?  यांनी कानामागची पेन्सिल काढली, खिशातून रबर काढलं, गुण्या शोधायला लागले. "थांब, सरळ करून देतो."

"राहू दे," मी म्हटलं. उजव्या डोळ्यावरचा हात तसाच ठेवून मी जवळ गेले आणि ती वाकडी रेघ वरपासून खालपर्यंत बघत उभी राहिले.